एकोणचाळीस मतं आणि एक जागा

चांगुणामावशी, आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते आधी पुरं करते. मग रडायचं असेल तर रडेन.

तू म्हणायचीस, "कुनी कुनाला मत द्यायचं ते मी सांगनार नाय." मी म्हणायचे, तू सांगितलं असतंस तर आपण हरलो नसतो. दोन वर्षं आपण हेच घोळवत बसलो. शेवटचं भांडलो ते तू अंथरुणाला खिळायच्या आठवडाभर आधी. मी तावातावाने उठले, तू मागून हाक मारलीस, "गो, आईला सुकट तरी ने." मी वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात येईनच की.

तू गेल्यावर माणसं मला सांगत होती, किती प्रेमळ बाई होती. होतीस. पण तुझ्याबद्दल एवढंच बोललं की मला राग येतो. करंजा बंदरावरची सुकी मासळी घेऊन सकाळच्या एसटीने पनवेलला येणारी, अक्षर न वाचणारी एक बाई राज्यकारभाराबद्दल माझ्यापेक्षा नीट विचार करत होती, हे कुणी म्हणत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आपली ओळख कागदामुळे झाली. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करायचे आणि संध्याकाळी पत्रकं वाटायचे. आमच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हतं, पत्रकं येत होती. गुलाबी, पिवळी, एका बाजूला शाई फुटलेली. मी अक्षरं शिकले ती 'कामगार बंधूंनो' आणि 'जाहीर निषेध' यांवरून. उरलेले गठ्ठे आई तुला देऊन टाकायची, तू त्यांत सुका जवळा, बोंबील बांधायचीस. एकदा बाबांनी घरी पुडी सोडली आणि बोंबलाखालून त्यांचंच पत्रक बाहेर आलं. ते रागावून तुझ्याकडे आले, मी त्यांच्या मागे. तू शांतपणे म्हणालीस, "भाऊ, तुमी वाटता तवा लोक घडी करून खिशात टाकतात. मी वाटते तवा घरापरेंत जातंय. वाचतात पन." बाबा हसले, आणि त्या दिवसापासून तुझ्यासाठी वेगळा गठ्ठा ठेवू लागले.

पुढे मी कॉलेजात गेले, राज्यशास्त्र घेतलं, आणि बाजारातून जाता-येता तुझ्या गोणपाटाच्या कडेला बसून तुला काय काय सांगू लागले. तू ऐकायचीस, आणि मध्येच गिऱ्हाइकाला भाव सांगायचीस. मला वाटायचं, तुझं लक्ष नाही. मग आठ दिवसांनी तू म्हणायचीस, "त्या दिवशी तू बोललंस त्यात एक मना पटला नाय." तेव्हा कळायचं की सगळं ऐकलं होतंस.

आता मंडळाची गोष्ट, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक नसेल.

बाजारात मासळी विकणाऱ्या बाया शंभर. साठ ओल्या मासळीच्या, चाळीस सुक्या. त्यांच्या मंडळावर सात जागा. दर दोन वर्षांनी निवडणूक, आणि रीत अशी की प्रत्येक बाईने सात नावं सांगायची. वरवर किती सरळ. पण साठ बायांनी आपल्या सात जणी सांगितल्या की त्या सातही जणींना साठ-साठ मतं. चाळीस बायांनी आपल्या सात सांगितल्या की त्यांना चाळीस-चाळीस. सातही वेळा साठ मोठे, सातही जागा ओल्यांच्या. चाळीस बाया दर वेळी मत द्यायच्या आणि दर वेळी मंडळात त्यांची एकही नसायची. कुणी लबाडी केली नव्हती. मोजण्याच्या रीतीनेच त्यांना बाहेर ठेवलं होतं.

आणि प्रश्न मानाचा नव्हता, जागेचा होता. ओल्या मासळीवर दिवसभर पाणी मारावं लागतं आणि फरशीला मागे उतार आहे. मागे बसवलं की ते सगळं पाणी तुमच्या गोणपाटाखाली. सुक्या मासळीला ओल लागली की ती गेली. त्यात नवी शेड बांधायचं ठरलेलं, आणि तिच्यातले ओटे कुणाला कुठे हे मंडळाने ठरवायचं होतं. एकदा ओटा ठरला की तो तुमच्या सुनेचा, नातसुनेचा. चाळीस घरांचं पुढचं सगळं त्या सात जणींच्या हातात होतं, आणि त्या सातांत चाळीस घरांचं कुणीही नव्हतं.

मी तुला म्हणाले, "मावशी, ही रीत बदलायला लावू. एका बाईला सात मतं नकोत, एकच मत. मग चाळीस बायांची चाळीस मतं त्यांच्याकडे राहतील. सातांतल्या अडीच-तीन जागा तुमच्या झाल्याच."

"अर्धी बाई कशी बसवनार गो?"

"तीन म्हण."

"मंग तीन बोल. अर्धी कशाला आनतंस?"

ओल्या मासळीच्या पुढारी कमळाबाय. आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक वळावं. तिला पटवायला तू गेलीस, मी नाही. तिला म्हणालीस, "कमले, तुज्या साठांत बी करंजाच्या येगल्या न् खाडीवरच्या येगल्या. तुमचं पटतंय का? उद्या करंजावाल्या येक झाल्या तर तुजी खाडी उपाशी." कमळाबायने चार दिवस विचार केला आणि हो म्हणाली. तुझ्या प्रेमापोटी नाही, स्वतःच्या भीतीपोटी. मला तेव्हा ते कमी प्रतीचं वाटलं होतं. आता वाटतं, निवडणुकीची रीत बदलते ती अशीच. आज जो जिंकतो त्याला उद्या आपण हरू शकतो हे दिसावं लागतं.

मी पत्रक काढलं. 'एक बाई, एक मत, प्रत्येकीला तिचा वाटा.' दोनशे प्रती. आपल्या बाजूने तुम्ही तिघी उभ्या राहिलात: तू, रखमा आणि मुमताजखाला. मी हिशेब मांडला की चाळीस मतं तिघींत वाटली की प्रत्येकीला तेरा, आणि तिघीही आत. मी तुला सांगितलं, "रांगा पाड. पहिली रांग तुला, मधली रखमाला, भिंतीकडची मुमताजखालाला. आज दुपारीच सगळ्यांना सांगून टाक."

तू म्हणालीस, "मी नाय सांगनार."

"का?"

"मत तिचं. मी कोन सांगनार? आमच्या गावात पंच सांगायचं, अमक्याला द्या, म्हनून दिला जन्मभर. आता तूच बोललंस, बाईचं मत बाईचं. मंग परत रांगा पाडून मीच सांगू?"

मला ते हट्टाचं बोलणं वाटलं. पण मनात म्हटलं, थोडं इकडे तिकडे झालं तरी दोन तरी येतीलच.

मोजणी झाली. ओल्यांच्या आठ जणी उभ्या होत्या, त्यांना कुणाला नऊ, कुणाला सात. आणि चांगुणामावशी, तुला एकोणचाळीस. एकोणचाळीस. मुमताजखालाला शून्य, कारण तिने स्वतःलासुद्धा दिलं नव्हतं. रखमाला एक, आणि ते एक तुझं. बाकी एकोणचाळीस बायांनी, उभ्या राहिलेल्या दोघींसकट, एकीलाच मत दिलं होतं, कारण त्यांच्या मनात दुसरं कुणी नव्हतं. सात मतांत जागा मिळत होती आणि तू एकोणचाळीस घेऊन बसली होतीस. जागा मिळाली एक. उरलेल्या सहा ओल्यांच्या.

मी मुमताजखालाला विचारलं, "खाला, निदान स्वतःला तरी?"

ती म्हणाली, "बेटा, चांगुणा समोर असताना मी स्वतःला मत देऊ? शरम नाय वाटनार?"

आणि तू हसत होतीस. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. "येवढी मतं मना येकलीला. आता घरी नेऊन वालत घालू का?" सगळ्या बाया हसल्या. कमळाबायसुद्धा. मी सोडून सगळ्या.

मी तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्यामुळे हरलो आपण." तू हसायची थांबलीस.  मावशी, मी हे वाक्य पुढे दोन वर्षं वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिले आणि कधीही परत घेतलं नाही. आज घेते. तुझ्यामुळे हरलो नव्हतो. मी अशी रीत आणली होती जिच्यात माणसाने आपल्या मनातल्या माणसाला मत दिलं की ते वाया जातं. रीत मांडणारी मी, आणि दोष दिला मत देणाऱ्यांना. मोठमोठे लोक जे करतात तेच मी केलं. जनतेला कळत नाही, असं म्हणाले, फक्त शब्द वेगळे.

पहिल्या बैठकीतच ठरलं की नवी शेड होईतो सुक्या मासळीवाल्या तात्पुरत्या पत्र्याखाली मागे बसतील. सहा विरुद्ध एक. पाच मिनिटांत ठरलं. कमळाबाय नंतर मला म्हणाली, "बघ, कसं झटपट. तुज्या त्या वाट्याच्या रीतीत सगल्या बोलत बसल्या असत्या."  त्याचं उत्तर तू दिलंस, दोन वर्षं सरत आली तेव्हा. "झटपट झाला खरा. पाच मिंटात ठरला न् दोन वर्सं ओल्यात बसलो. आनखी तासभर बोललो असतो तर काय बिघडत व्हतं?"

ज्यांना वाटतं की सगळ्यांना वाटा दिला तर कारभार अडतो, त्यांनी तुझ्या गोणपाटावर एक दिवस बसून बघायला हवं होतं. ज्याच्या खाली पाणी येतं त्याला विचारल्याशिवाय झालेला कारभार वेगवान असेलही. पण तो चालतो त्यांच्या जोरावर, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं.

त्या दोन वर्षांत तू मंडळात एकटी होतीस, आणि एकटीने एक गोष्ट मिळवलीस जी माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हती. मंडळ कमळाबायच्या घरी बसायचं. तू हट्ट धरलास की ते बाजारात बसलं पाहिजे, दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, आणि ज्या बाईला ऐकायचं ती बाजूला उभी राहील. "घरात बसून ठरवाल तर मी उंबऱ्यात बसून मोठ्यांदा सगल्यांना सांगनार, कोन काय बोलली ते." त्यांना माहीत होतं तू सांगितलं असतंस. बैठक बाजारात आली.

मी म्हणाले, यात काय मोठंसं? मतं तर सहा विरुद्ध एकच राहणार. तू म्हणालीस, "तुजा कागुद मत मोजून झाला का घरी जातो. आमी हितंच बसतो." तेव्हा मी खांदे उडवले. पण मी बघत होते. ज्या दिवशी बाजूला वीस बाया उभ्या असायच्या त्या दिवशी त्या सहा जणी तुला मध्येच तोडत नव्हत्या. आपल्याकडे बोटाला शाई लागली की पाच वर्षं तोंडाला कुलूप. मी ते कुलूप मतपत्रिकेने उघडू बघत होते. तू दुपारी तीनला रोज थोडं थोडं किलकिलं करत होतीस.

आता ती दुपार सांगते, जिच्यामुळे मी हे लिहू शकते.

पत्र्याखाली बसलो होतो. एक बाई सुक्या कोळंबीचे सोडे घ्यायला आली. तुझ्याकडे संपले होते. तू तिला रिकाम्या हाती धाडलं नाहीस. रखमाकडे बोट केलंस. "तिच्याकडं घे. माजंच समज." ही तुमची सगळ्यांची रीतच आहे, मी लहानपणापासून बघत आले. ज्या बाईवर गिऱ्हाइकाचा विश्वास, ती आपला माल संपला की त्याला शेजारणीकडे पाठवते आणि विश्वासही बरोबर पाठवते. मी त्या दिवशीही भांडतच होते, की या वेळी तरी रांगा पाड. तू त्या बाईच्या पाठीकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस:

"माज्याकडं गिऱ्हाईक जास्ती झाला का मी काय करते?"

"शेजारी पाठवतेस."

"मंग मत का नाय पाठवायचा? माजी जागा भरली, तर उरलेली मतं फुडं जायला नकोत? कुनाकडं ते मी नाय सांगनार. जिचं मत तिला इचार. चांगुणा नाय तर कोन? ती नाय तर कोन? असं लिवून घे ना कागदावर."

 हे तर पुस्तकात होतं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पसंतीक्रम, बदली मत, ठरावीक कोटा. राज्यसभेचे सदस्य आमदार असेच निवडतात: एक, दोन, तीन असे आकडे टाकून, आणि जास्तीचं मत पुढे सरकतं. मला पाच गुण मिळाले होते त्या उत्तराला. आणि बाजारात मांडताना मला ते सुचलंच नाही, कारण खोलवर कुठेतरी मला वाटत होतं की हे त्यांना झेपणार नाही. आमदारांना झेपतं आणि मासळीवालीला झेपणार नाही, असं मला वाटत होतं. मला, जी तुमच्या वतीने पत्रकं काढत होती.

तुला मी एवढंच म्हणाले, "होऊ शकतं असं." किती कंजूस होते मी. तू एका वाक्यात शोधलंस ते जगातल्या हुशार माणसांनी मोठ्या खटपटीने शोधलंय, हे मला तुला सांगता आलं असतं. तू आणखी एकदा खांदे हलवून हसली असतीस. मी सांगितलं नाही, कारण मग भांडण तू जिंकली असतीस.

पुढच्या निवडणुकीसाठी ही आकड्यांची रीत मंडळाने बाजारातल्या बैठकीत मान्य केली, आणि चिन्हं वाटायच्या दिवशी किती मजा आली होती. प्रत्येक उमेदवाराला एक मासा. पापलेटसाठी ओल्यांच्यात जवळजवळ मारामारी. तू म्हणालीस, "मना बोंबील द्या. वाकला तरी मोडत नाय." रखमाने जवळा घेतला, मुमताजखालाने कोळंबी, आणि या वेळी आपल्या बाजूने नव्याने उभ्या राहिलेल्या, जसखारवरून येणाऱ्या बेबीने मांदेली. मी एक, दोन, तीन कसं लिहायचं ते शिकवायला गेले तेव्हा बेबी म्हणाली, "ताई, दिसभर आमी काय मोजतो असा वाटला तुमाला?" ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना आकडा माझ्याहून झरझर येत होता.

शेवटच्या भांडणात मी पुन्हा तेच काढलं होतं. आता आकडे टाकायचे आहेत तर निदान दुसरा आकडा कुणाला टाकायचा ते तरी सांग. तू पुन्हा नाही म्हणालीस. मी उठले. तू सुकट ने म्हणालीस.

मतदान तू गेल्याच्या बाराव्या दिवशी होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. बोंबील सगळ्यांत वर. मी विचारलं, तारीख पुढे ढकलायची का? रखमा म्हणाली, "कशाला? ती असती तर ढकलली असती काय?" मग मी म्हणाले, बोंबलावर काट मारू, म्हणजे मतं फुकट जायची नाहीत. रखमाने पत्रिकांचा गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला.

तुझी सून तुझ्या जागेवर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सावरत मत टाकलं. शंभराच्या शंभर बायांनी टाकलं.

मोजायला मी बसले. तुझ्या दुपारी तीनच्या वेळेला, बाजारात, सगळ्यांसमोर, एका उलट्या क्रेटवर. बरोबर कमळाबाय आणि रखमा. पहिला आकडा बघून ढीग करायचे होते. एक बोंबील. पुढची, बोंबील. मग पापलेट, सुरमई, मग चार बोंबील एकामागून एक.  तुझा ढीग झाला तेहतीस.

कमळाबाय म्हणाली, "आता ह्यांचा काय? मेलेल्या बाईला मत. सगली बाद कर."

तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तोवरच्या सगळ्या निवडणुकांत तसंच झालं असतं. तेहतीस बायांचं दुःख कचऱ्यात गेलं असतं आणि आपण म्हणालो असतो, शिकलेल्या नाहीत.

रखमा म्हणाली, "बाद कशाला? हिच्या मागं कोन लिवलाय ते वाच की. त्येच्यासाटीच तर आकडे टाकलं."

मी वाचू लागले. बोंबील एक, जवळा दोन. बोंबील एक, मांदेली दोन. बोंबील एक, कोळंबी दोन. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, मावशी. कुणी रांगा पाडल्या नव्हत्या. प्रत्येकीने आधी तुला मान दिला होता आणि मग नीट विचार करून पुढचं नाव ठरवलं होतं. चार पत्रिकांवर बोंबलाच्या मागे दोनचा आकडा पापलेटपुढे होता. ओल्यांच्या चार बायांनी तुला पहिलं मत दिलं होतं. त्या पत्रिका पापलेटच्या ढिगात ठेवताना कमळाबायकडे मी बघितलं नाही. चिन्ह तिचंच होतं.

बाकीच्या एकोणतीस तुझ्याच बायांच्या. त्या पुढे सरकल्या. शंभर मतं आणि सात जागा, म्हणजे तेरा मतं मिळाली की जागा पक्की, कारण तेरा मतं आठ जणींना मिळूच शकत नाहीत. रखमाला सोळा झाली. तिची जास्तीची तीन पुढे गेली, ढिगातून न बघता उचलून. मुमताजखालाला तेरा, बेबीला चौदा. तिघी आत. ओल्यांच्या चार. बाजारात जेवढ्या होत्या तेवढ्याच प्रमाणात मंडळात. तू जिवंत नसतानाही तुला दिलेलं एकही मत वाया गेलं नाही.

म्हणून मी ठामपणे सांगते, आणि हे मी बाजाराबाहेरच्यांना सांगते आहे. शंभरातली तीस मतं घेणारा एकटा निवडून येतो आणि शंभरांच्या वतीने बोलतो, उरलेल्या सत्तरांना पाच वर्षं थांबायला सांगतो, या रीतीला लोकशाही म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. सवय बदलता येते. लोक तयार नाहीत, असं मला कुणी सांगू नये. मीही तसंच समजत होते, आणि मला उत्तर मिळालंय.

मोजणी संपली तेव्हा साडेचार झाले होते. माझी अपेक्षा होती की आता हार, नारळ, मग दोन दिवसांनी बैठक. कमळाबाय म्हणाली, "सगल्या हायेत तर बसून घेऊ. ओट्याचं बोलू." सात जणी क्रेटवर बसल्या. बाजूला बाया उभ्या. मीही वही काढून बसले, कारण मला बरंच सांगायचं होतं. नव्या शेडचा नकाशा मी आणला होता, उतार कुठे आहे त्याच्यावर लाल रेघ मारून.

बेबी माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमचा हितं ओटा हाय काय?"

"नाही."

"मंग तिकडं उभ्या रावा. ऐका पायजे तर."

सगळ्या हसल्या. मी उठले. कडेला जाऊन उभी राहिले, तुझ्या सुनेच्या शेजारी.

तासभर चाललं. आवाज चढले. एकदा कमळाबाय उठून निघाली आणि दहा पावलांवरून परत आली. रखमा, जी दोन वर्षांपूर्वी कुणी नाव विचारलं तरी तुझ्याकडे बघायची, ती म्हणत होती, "पानी आमच्याकडं येतंय, तुमच्याकडं नाय. म्हनून आधी आमचा ऐका." आणि त्या ऐकत होत्या. चार विरुद्ध तीन होतं. पण मत मोजायची वेळच आली नाही.

शेवटी रखमा माझ्याकडे आली. "वरच्या अंगाची भिंत आमची. कोरडी. चाळीस ओटे."

"आणि दाराजवळचे?"

"ते सोडले. समदे ओल्यांना."

मी म्हणाले, "सगळे कशाला सोडलेस? गिऱ्हाईक तिथूनच येतं. दोन तरी मागायचे."

"आमाला भिंत पायजे व्हती, त्यांना दार. ते आमी बघून घेऊ."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, मावशी. चांगलं तीन मुद्द्यांचं. नकाशा हातात होता.

मी तो घडी करून पिशवीत ठेवला आणि रखमाला म्हणाले, "बरं." मग तिच्याकडून आईसाठी सुकट घेतली आणि घरी आले.